डिस्पोजेबल व्हेप: ‘नवीन व्हर्जन’मध्ये नवीन काय असतं?

(या भागाचं हे शब्दांकन. सनावळ्या आणि आकडे ऐकताना निसटतात, म्हणून बोलण्याची भाषा फार न बदलता लिहून काढलं आहे.)



तंबाखूच्या इतिहासावर आपण बोलायला लागलो तेव्हापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. डिस्पोजेबल व्हेपचं नवीन मॉडेल आलंय, आधीपेक्षा भारी आहे म्हणतात, फ्लेवरही ढीगभर आहेत, तर त्यात खरंच काय सुधारलंय? विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं आहेत, आणि मुलाच्या दप्तरात हायलाइटर पेनासारखं दिसणारं काहीतरी सापडलेले आईवडीलही आहेत.

भारतात या वस्तूची विक्री बेकायदा आहे, हे आधीच सांगून टाकू. पण प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर इतिहासात सापडतं. आजच्या एखाद्या डिस्पोजेबलचं खोकं हातात घेतलं तर त्यावर साधारण पाच गोष्टी दिसतात. निकोटिनचे टक्के, फ्लेवरचं नाव, त्या नावापुढे ‘आइस’, पफची भलीमोठी संख्या, आणि हल्ली चार्जिंगचं भोक नाहीतर छोटी स्क्रीन. यातली एकेक गोष्ट तिथे कधी आली आणि का आली, हे आज बघू. खोक्याचा इतिहास कळला की मूल्यमापन आपोआप होतं.

धुराशिवाय सिगारेट

सुरुवात १९६३ सालची. अमेरिकेत पेनसिल्वेनियामध्ये हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या माणसाने ‘धुराशिवाय, तंबाखूशिवाय सिगारेट’ अशा वस्तूच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६५ला पेटंट मिळालं. कल्पना अशी की बॅटरीवर तापलेली, ओलसर, स्वादाची हवा ओढायची. आता गंमत बघा, त्यात निकोटिन नव्हतंच. स्वाद मात्र पहिल्या दिवसापासून होता. ही वस्तू बाजारात आली नाही.

चाळीस वर्षांनी चीनमध्ये हॉन लिक या औषधनिर्मात्याने पुन्हा तिथेच हात घातला. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढणारा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. २००३मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि २००४पासून ‘रुयान’ या नावाने वस्तू विकायला आली. रुयान म्हणजे चिनी भाषेत ‘धुरासारखं’. हेतू सरळ होता. सिगारेट ओढणाऱ्याला निकोटिन मिळावं, पण जळणाऱ्या पानाचा डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड पोटात-छातीत जाऊ नये.

हा हेतू खोटा म्हणून झटकून टाकू नका. सिगारेटने माणूस मरतो तो मुख्यतः ज्वलनामुळे. २०१५मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने व्हेपिंग धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं. त्या आकड्यावर पुष्कळ भांडणं झाली, पण पूर्ण सिगारेट सोडून व्हेपकडे गेलेल्या माणसाला फायदा होतो, हे बहुतेक अभ्यासक मानतात. आपला प्रश्न वेगळा आहे. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्या सोळा वर्षांच्या मुलाचं काय?

‘५ टक्के’ हा आकडा

सुरुवातीच्या ई-सिगारेट लोकांना फारशा आवडल्या नव्हत्या. कारण निकोटिन शुद्ध रूपात घशाला झोंबतं. प्रमाण वाढवलं की ठसका लागतो. म्हणजे घसाच एक प्रकारचा राखणदार होता.

२०१५मध्ये तो राखणदार हटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीने ‘जूल’ बाजारात आणलं. ॲडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीस हे स्टॅनफर्डमध्ये डिझाइन शिकलेले दोघे तिचे संस्थापक. त्यांनी निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचं क्षार केलं. याला निकोटिन सॉल्ट म्हणतात. आम्लामुळे झोंबरेपणा गेला, आणि त्यामुळे प्रमाण एकदम वाढवता आलं. जूलच्या ‘५ टक्के’ पॉडमध्ये मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन होतं. तुलनेसाठी, युरोपीय संघाने २०१४च्या नियमावलीत २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली होती.

आजच्या डिस्पोजेबलवर ‘५ टक्के’ दिसतं ते तिथून आलेलं आहे. ‘स्मूद हिट’ असं कौतुक वाचलंत, तर त्याचा सरळ अर्थ लक्षात ठेवा. शरीराने दिलेली धोक्याची सूचना रसायनाने बंद केली आहे.

परिणाम लगेच दिसला. अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत २०१९मध्ये हायस्कूलच्या विद्यार्थ्यांपैकी साडेसत्तावीस टक्के मुलांनी मागच्या महिन्यात ई-सिगारेट वापरल्याचं सांगितलं. म्हणजे चारात एकापेक्षा जास्त.

फ्लेवर: मेन्थॉलपासून आंब्यापर्यंत

तंबाखूत स्वाद घालणं ही व्हेपवाल्यांची कल्पना नव्हे. आपल्याकडे किमाम आणि सुगंधी जर्दा किती जुना आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. अमेरिकेत ओहायोच्या लॉइड ह्यूजने १९२५मध्ये मेन्थॉल सिगारेटचं पेटंट घेतलं, आणि १९३३ला ‘कूल’ हा ब्रँड आला. मेन्थॉलने घसा थंड होतो, जरा बधिर होतो, धूर सहज आत जातो. नवशिक्याला सोपं पडतं.

२००९मध्ये अमेरिकेने कायदा करून सिगारेटमधले फळांचे, मिठाईचे, मसाल्याचे सगळे स्वाद बंद केले. कारण उघड होतं, ते मुलांना ओढतात. पण एक स्वाद सोडला, मेन्थॉल. त्याचा बाजार मोठा होता आणि कायदा पास व्हायला तडजोड लागत होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक मेन्थॉलच ओढतात, कारण दशकानुदशकं जाहिराती त्यांच्याच वस्त्यांमध्ये झाल्या. २०२२मध्ये मेन्थॉलबंदीचा प्रस्ताव आला, आणि २०२५च्या जानेवारीत तो मागे घेतला गेला.

आता लक्षात घ्या, २००९चा स्वादबंदीचा नियम सिगारेटपुरता होता. ई-सिगारेट त्यात नव्हती. मग आंबा, पुदिना, कस्टर्ड, बबलगम असे सगळे स्वाद नव्या घरात राहायला गेले.

२०२०च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, पुन्हा फटका मारला. तंबाखू आणि मेन्थॉल सोडून बाकी स्वादांच्या व्हेपवर फेब्रुवारीपासून कारवाई करायची ठरली. पण कोणत्या व्हेपवर? पॉड किंवा कार्ट्रिज बदलता येणाऱ्या. डोळ्यांसमोर जूल होतं, म्हणून शब्द जूलच्या मापाचे निघाले. वापरून फेकायच्या डिस्पोजेबल त्या वाक्याच्या बाहेर राहिल्या.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. २०१९मध्ये हायस्कूलमधल्या व्हेप वापरणाऱ्यांत डिस्पोजेबलवाले २.४ टक्के होते. २०२०मध्ये २६.५ टक्के. एका वर्षात. ‘पफ बार’ हा ब्रँड त्याच लाटेवर मोठा झाला. आज जगभर दिसणारं डिस्पोजेबलचं पीक एका सरकारी वाक्यातल्या फटीतून उगवलं आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

‘आइस’ आणि दाढीचं ब्लेड

खोक्यावरचा माझा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे ‘आइस’. वॉटरमेलन आइस, मँगो आइस, काहीही आइस. हा थंडावा अनेकदा पुदिन्याचा नसतो. तो ‘डब्ल्यूएस-३’ आणि ‘डब्ल्यूएस-२३’ अशा नावांच्या रसायनांचा असतो. यातलं डब्ल्यूएस म्हणजे विल्किन्सन स्वोर्ड. होय, तीच दाढीच्या ब्लेडवाली ब्रिटिश कंपनी! १९७०च्या दशकात तिच्या संशोधकांना असं काहीतरी हवं होतं की जे त्वचेला थंड वाटेल, पण पुदिन्यासारखा वास आणि डोळ्यांत चुरचुर करणार नाही. शोध दाढीसाठी लागला. पुढे ती संयुगं च्युइंगगममध्ये गेली आणि तिथून व्हेपमध्ये.

मेन्थॉलवर बंदी आली तर मेन्थॉल न वापरता तोच परिणाम देता येतो, ही याची खरी उपयुक्तता. कायदा वास मोजतो आणि घसा थंडावा ओळखतो. दोन्ही वेगळे आहेत.

इथे फ्लेवरबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. विक्रेता सांगतो, ‘अहो, हे सगळे फूड-ग्रेड फ्लेवर आहेत, आइस्क्रीममध्ये असतात तेच.’ खरं असेलही. पण खाण्यासाठी सुरक्षित म्हणजे श्वासासाठी सुरक्षित, हे कुणी तपासलं?

याचं उदाहरण व्हेपच्या आधीचं आहे. २००० साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या एका मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्यातले कामगार श्वासाच्या गंभीर आजाराने ग्रासलेले आढळले. कारण शोधता शोधता बोट लोण्याच्या कृत्रिम स्वादातल्या डायअसिटिलकडे गेलं. पॉपकॉर्न खाणाऱ्याला त्याने काही झालं नव्हतं. वाफ छातीत घेणाऱ्याची फुप्फुसं गेली. २०१५मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले, त्यातल्या ३९मध्ये डायअसिटिल सापडलं. ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रवात ते घालायला बंदी आहे. व्हेपमुळे ‘पॉपकॉर्न लंग’ झाल्याचं ठोसपणे सिद्ध झालेलं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. मुद्दा इतकाच की पोट आणि फुप्फुस ही दोन वेगळी दारं आहेत, आणि ‘फूड-ग्रेड’ हा शिक्का फक्त पहिल्या दारावर चालतो.

अशीच सरमिसळ २०१९च्या साथीबद्दल होते. त्या वर्षी अमेरिकेत व्हेपशी संबंधित फुप्फुसाच्या विकाराने २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत २८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले. मृत्यू ६८. त्यात मुख्य दोष गांजाच्या अर्काच्या, बहुतांशी काळ्या बाजारातल्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन-ई ॲसिटेटचा निघाला. म्हणजे फळांच्या फ्लेवरचा तो गुन्हा नव्हता. पण धडा आपल्या कामाचा आहे. जिथे माल काळ्या बाजारातून येतो, तिथे आत काय भरलंय हे खोकं सांगत नाही.

पफची संख्या, चार्जिंगचं भोक आणि स्क्रीन

२०२१-२२च्या सुमारास ब्रिटनमध्ये ज्या शेन्झेनी डिस्पोजेबलने धुमाकूळ घातला, ती ‘एल्फ बार ६००’. मर्यादा युरोपीय नियमाची, म्हणजे २ मिलिलिटर द्रव आणि मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. गणित करा, एका नळीत ४० मिलिग्रॅम निकोटिन आणि सुमारे ६०० पफ.

अमेरिकेत अशी मर्यादा नाही. तिथे नळ्या फुगत गेल्या. १० मिलिलिटर द्रव, ५ टक्के, म्हणजे साधारण ५०० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते एक-दीड मिलिग्रॅम. व्हेपमधलं सगळं शरीरात जात नाही हे खरं, तरी आकड्यांची जात बघा. शिवाय सिगारेटला शेवट असतो. ती विझते, पाकीट संपतं. हजारो पफच्या नळीला असा थांबाच नाही. आणि ‘पफ’ म्हणजे किती सेकंदांचा झुरका, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे पाच हजार काय आणि वीस हजार काय, तो आकडा जाहिरातीचाच समजा.

द्रव इतका वाढला की छोटी बॅटरी आधीच संपायला लागली. म्हणून चार्जिंगचं भोक आलं. म्हणजे जी वस्तू ‘वापरा आणि फेका’ म्हणून विकली जाते, ती चार्ज करत आठवडे वापरायची आणि मग लिथियमच्या बॅटरीसकट फेकायची. मग आली मेश कॉइल, ज्याने वाफ एकसारखी तापते आणि चव शेवटपर्यंत टिकते. मग द्रव किती उरला ते दाखवणारी स्क्रीन, तिच्यावर चांदण्या आणि ॲनिमेशन. ‘अपडेटेड व्हर्जन’ म्हणतात ते मुख्यतः हे.

यातल्या एकाही सुधारणेने आत जाणारी वाफ कमी घातक झाल्याचं दिसत नाही. उलट २०२५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी लोकप्रिय डिस्पोजेबल तपासल्या, तेव्हा काहींच्या वाफेत शिसं, निकेल आणि अँटिमनी चिंताजनक प्रमाणात सापडले. काही धातू तापणाऱ्या कॉइलमधून, तर काही आतल्या इतर धातूच्या भागांतून द्रवात उतरतात. वस्तू जितकी जास्त दिवस वापरात, तितका द्रव धातूला जास्त वेळ भिजवणार.

कचऱ्याचं तर विचारू नका. ब्रिटनमध्ये ‘मटेरियल फोकस’ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२२मध्ये आठवड्याला १३ लाख डिस्पोजेबल फेकल्या जात होत्या. २०२३मध्ये ५० लाख.

कायदा एक पाऊल, माल दोन पावलं

पफ बारला २०२०मध्ये एफडीएची नोटीस आली. २०२१ला तो ब्रँड परत आला, आणि म्हणाला की आमचं निकोटिन तंबाखूच्या पानातून काढलेलंच नाही, प्रयोगशाळेत बनवलंय, तेव्हा तंबाखूचा कायदा आम्हाला लागू नाही. अमेरिकी संसदेला २०२२च्या मार्चमध्ये कायदा दुरुस्त करून कृत्रिम निकोटिन आत घ्यावं लागलं.

चीनची गोष्ट आणखी बोलकी. जगातल्या बहुतेक व्हेप शेन्झेनमध्ये बनतात. १ ऑक्टोबर २०२२पासून चीनने आपल्या देशात तंबाखू सोडून बाकी स्वादांच्या व्हेप विकायला बंदी केली. निर्यातीला ती लागू नव्हती. आपल्या पोरांना नको, बाकीच्यांच्या पोरांना चालेल.

ब्रिटनने १ जून २०२५पासून एकदा वापरायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली. मग दुकानात काय आलं? जवळपास त्याच आकाराची, त्याच रंगांची, त्याच स्वादांची वस्तू, फक्त तळाला चार्जिंगचं भोक आणि वर काढता येणारा पॉड. कागदोपत्री ती पुन्हा वापरण्याजोगी झाली.

आता मागे वळून सगळी यादी बघा. प्रत्येक ‘नवीन व्हर्जन’ हे आधीच्या नियमाला दिलेलं उत्तर आहे. ही वस्तू वापरणाऱ्याच्या गरजेपेक्षा कायद्याच्या व्याख्येला धरून बदलत आली आहे.

आपल्याकडे

हे वाचून ‘परदेशातली नाटकं’ म्हणू नका. हा खेळ आपल्याला चांगला माहीत आहे.

१६०४-०५च्या सुमारास असद बेग हा मुघल वकील विजापूरहून आग्र्याला परतला, तेव्हा त्याने अकबरासाठी रत्नजडित नळी आणि तंबाखू नेला. म्हणजे मुघल दरबाराला तंबाखूची ओळख दख्खनमधून झाली! हकिमांनी नको म्हटलं, अकबराने दोन-चार झुरके घेतलेच. पुढे १६१७ला जहांगीराने बंदीचं फर्मान काढलं. त्याचं काय झालं ते पानपट्टीवर उभं राहून बघा.

अलीकडचं घ्या. महाराष्ट्राने २००२मध्ये गुटखाबंदी केली, ती २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. देशभर गुटखाबंदीचं सत्र सुरू झाल्यावर उत्तर काय आलं? दोन पुड्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, गिऱ्हाइकाने हातावर मिसळून घ्यायचं. अमेरिकेत कार्ट्रिज आणि डिस्पोजेबल, इथे दोन पुड्या. अक्कल तीच.

व्हेपबद्दल केंद्राने १८ सप्टेंबर २०१९ला अध्यादेशाची घोषणा केली आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठवणुकीलाही शिक्षा आहे. नुसत्या वापराला मात्र कायद्यात वेगळी शिक्षा नाही.

या बंदीवर एक रास्त टीका होते. सगळ्यात जास्त माणसं मारणारी सिगारेट आणि बिडी दुकानात राजरोस मिळते, दाबल्यावर स्वाद सुटणाऱ्या कॅप्सूलची सिगारेटसुद्धा मिळते, आणि तिच्यापेक्षा कमी घातक वस्तू मात्र बेकायदा. ज्याला सिगारेट सोडायची आहे त्याच्यावर हा अन्याय नाही का? आहे, काही प्रमाणात. पण निकोटिनचं गम आणि पॅच औषधाच्या दुकानात मिळतात, आणि ‘ब्लूबेरी आइस’ चांदण्यांच्या स्क्रीनसह कुणासाठी बनवतात, हेही आपण आत्ताच पाहिलं. दुसरीकडे, बंदी असूनही माल मुंबई-पुण्यात पोचतो आणि कुठलीही यंत्रणा तो तपासत नाही, हे वास्तव आहे. त्यामुळे इथे मिळणाऱ्या नळीच्या खोक्यावर लिहिलेल्या टक्क्यांवरही विश्वास ठेवायला जागा नाही.

तर मग, सुधारलं काय?

नवीन मॉडेलमध्ये चव सुधारली, वाफ सुधारली, बॅटरी सुधारली, विकण्याची युक्ती सुधारली. निकोटिनची पकड तशीच आहे, किंबहुना अधिक घट्ट झाली आहे. पंचवीस वर्षं सिगारेट ओढलेल्या, ती सुटत नसलेल्या माणसासाठी व्हेप ही एका मोठ्या संकटातून लहान संकटात जाण्याची वाट ठरू शकते, आणि ती वाट डॉक्टरांशी बोलून धरावी. ज्याने काहीच ओढलेलं नाही, त्याच्यासाठी ती संकटात शिरण्याची वाट आहे, आणि फ्लेवर म्हणजे त्या वाटेवरची रोषणाई.

दप्तरात नळी सापडलेल्या पालकांना एवढंच सांगायचंय. आधी आरडाओरड करू नका. विचारा, ‘किती वेळाने ओढावंसं वाटतं? सकाळी उठल्या उठल्या लागते का?’ लागते असं उत्तर आलं, तर ती शिस्तीची गोष्ट राहिलेली नाही, ते व्यसन आहे आणि त्याला उपचार लागतात. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथे फोन करता येतो.

तुमच्या आजी-आजोबांच्या घरातली मिश्री, तपकीर, पानाचा डबा यांच्या आठवणी असतील तर जरूर कळवा, त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. तोवर, भेटूच. नमस्कार.